पडणारा स्विच

सासूबाईंनी फुटलेल्या बशीचे तुकडे चपलेनं भिंतीकडे लोटले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वायरमनला सांगितलं,

"आमची सून फार पडते."

वायरमननं काही विचारलं नव्हतं. तो जळालेला सॉकेट बघायला आत आला होता आणि सॉकेटच बघत होता. पण सॉकेटशेजारी सून उभी होती, तिचा डावा गाल कानापर्यंत सुजून चकचकत होता, आणि परक्या माणसाची नजर कुठून कुठं जाते हे सासूबाईंना पाठ होतं.

"पाय उचलून चालायचंच ठाऊक नाही हिला. कधी न्हाणीघरात, कधी जिन्यात. आज तर सपाट फरशीवर. सपाट फरशीवर पडायचं म्हणजे अंगात कला लागते."

"गुळगुळीत फरशी वाईटच, आजी," वायरमन म्हणाला.

"फरशी मी निवडून घातली आहे. मी पडले का कधी?"

वायरमन हसला. सून हसली नाही. तिनं ओल्या फडक्याची घडी गालावरून काढली, उलटी केली आणि पुन्हा गालावर धरली.

सून पडते, हे वाक्य सासूबाईंनीच रचलेलं होतं आणि चांगलं टिकाऊ रचलेलं होतं. औषधाच्या दुकानात ते चाललं होतं. सून ज्या लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची, तिथल्या बाईंना फोनवर सांगताना चाललं होतं. समोरच्या इमारतीतली जी बाई उठल्यापासून निजेपर्यंत गॅलरीच्या कठड्याला चिकटलेली असायची, आणि म्हणून सगळी गल्ली जिला गॅलरीच म्हणायची, तिच्याही गळ्याखाली ते उतरलं होतं. सून स्वतः ते वाक्य कधी बोलली नव्हती. ते खोटं आहे असंही कधी बोलली नव्हती. सासूबाईंनी शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेलं, पण कुठला शब्द कुठं उभा करायचा हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. नवऱ्यामागे एकटीनं बांधलेलं घर होतं. त्या घरातला आवाज कुंपणाबाहेर गेला नाही, याचा त्यांना माज होता आणि तो त्या लपवतही नव्हत्या.

"या सॉकेटवर गाडी चार्ज करत होतात?" वायरमननं काळ्या पडलेल्या प्लास्टिकवर नख घासलं. "खिडकीतून वायर टाकून? नशीब, घर जळलं नाही. हा सॉकेट मिक्सरसाठी असतो, आजी. गाडीला वेगळी लाइन लागते, मीटरपासून जाड केबल, बाहेर अर्थिंगचा खड्डा. मी बसवून दिलं की बघायला नको. या भागातले निम्मे चार्जर माझ्या हातचे आहेत."

"आणि उरलेले निम्मे चालतात का?"

वायरमन पुन्हा हसला. बोलणारी माणसं त्याला आवडायची.

तेवढ्यात बाळ आला. बाळ म्हणजे सासूबाईंचा एकुलता एक मुलगा. डोक्यावरचे केस विरळ झाले होते, मनगट दाराच्या चौकटीएवढं होतं, तरी घरात तो बाळच होता. त्यानं वायरमनला "या ना, बसा" केलं, खुर्ची पुढे ओढून दिली, बायकोला चहा टाकायला सांगितलं. परक्यांशी तो फार गोड बोलायचा. लोक सासूबाईंना सांगायचे, तुमच्या मुलाला काय वळण लावलंत हो.

वायरमननं पिशवीतून दोन खोकी काढून टेबलावर ठेवली.

"हा साधा. भिंतीवर लावायचा, त्याची बंदूक गाडीत खुपसायची, चार्जिंग सुरू. सकाळी काढायची आणि निघायचं. यात डोकं लावायचं कामच नाही."

"बंदूक?" सासूबाईंनी विचारलं.

"या तोंडाला गनच म्हणतात, आजी. धरायला तशीच असते. आणि हा दुसरा. हा फोनवर चालतो. ज्याच्या फोनला जोडला त्यानं हो म्हटलं तरच सुरू होणार. गाडी कधी लावली, कधी काढली, कुणी काढली, सगळं त्याच्या फोनवर दिसणार."

बाळनं दुसरं खोकं हातात घेतलं आणि सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं.

"हा," तो म्हणाला.

सून चहाचे कप घेऊन आली होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, पण ती मागे सरकली नाही.

"साधा चालेल," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की वायरमननं कान पुढे केला. "मला उजाडायच्या आत निघावं लागतं. माणसं उपाशीपोटी ताटकळत बसलेली असतात रक्त द्यायला. तेव्हा हे झोपलेले असतात."

"मग मला उठवायचं," बाळ हसून म्हणाला. "मी फोनवरून चालू करीन. मला योग्य वाटेल तेव्हा."

"रात्री चार्ज झालीच नाही, तर सकाळी उठवून काय उपयोग?"

"त्या दिवशी जायचं नाही."

वायरमननं चहाचा मोठा घोट घेतला आणि तोंड भाजून घेतलं. सासूबाईंना या बोलण्याचा शेवट कुठं आहे ते दिसत होतं. तो परक्या माणसासमोर येऊ नये एवढंच त्यांना हवं होतं.

"बाळ म्हणतो तो बसव," त्यांनी वायरमनला फर्मावलं. "विषय संपला."

"गाडी माझ्या नावावर आहे," सून म्हणाली.

ती हे कुणाकडे बघून बोलली नाही. ट्रेकडे बघून बोलली. बाळनं खोकं हळूच टेबलावर ठेवलं, कडेला कड जुळवून. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं.

"तुम्ही बाहेरचा खड्डा सुरू करा," तो वायरमनला म्हणाला. "आम्ही दोघं ठरवतो आणि सांगतो."

वायरमन पहार घेऊन बाहेर गेला, साधं खोकंही सवयीनं काखेत मारून. सासूबाई त्याच्या मागोमाग गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पोर्चमध्ये पांढरी गाडी उभी होती. काचेवरचा विक्रेत्याचा कागद अजून निघाला नव्हता. पोर्चला लागून भिंतीकडेला मातीचा पट्टा होता, तिथं वायरमननं पहार घातली. माती कडक होती. त्यानं नळाचं पाणी सोडून ती भिजवली आणि पुन्हा घाव घातला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, दुसऱ्या शाबूत सॉकेटवरून, त्यानं ड्रिलसाठी वायर बाहेर ओढून घेतली होती. भिंतीवर खुणा करून त्यानं भोकं पाडली. ड्रिलच्या आवाजानं खिडकीच्या काचा थरथरल्या. ड्रिल थांबलं तेव्हा आतून एक बोथट आवाज आला, पोतं आपटावं तसा. मग दुसरा.

वायरमननं मान वर केली.

"ही बंदूक किती लांब पोचते?" सासूबाईंनी खड्या आवाजात विचारलं.

"पाच मीटरची वायर असते, पण..."

"गाडी उलटी लावली तर?"

"तरी पोचते. आजी, आत काहीतरी पडलं वाटतं."

"पडली असेल. सांगितलं ना तुला. पावसात भिजली बंदूक तर काय होतं? आणि उन्हात तापली तर? कुत्र्यानं वायर चावली तर? तू सगळं सांगून जा मला. मागाहून फोन केला की तुम्ही लोक उचलत नाही."

वायरमन सांगत राहिला, त्या विचारत राहिल्या. ऊन, पाऊस, कुत्रं, उंदीर, सगळं विचारून झालं. कुंपणाबाहेर आवाज जाऊ नये म्हणून त्या कायम अशाच बोलत आल्या होत्या, आवाजावर आवाज घालून. बोलता बोलता त्यांचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे जात होता आणि त्या तो खाली घेत होत्या.

शेवटी दार उघडून बाळ बाहेर आला. त्याच्या कपाळावर घाम होता. पायातल्या रबरी चपलांपैकी एकीचा अंगठा तुटला होता. तो वाकून तो नीट खोचू लागला.

"फोनवालाच बसवा," तो म्हणाला. "ती हो म्हणाली."

वायरमननं खिशातून टेस्टर काढला आणि दाराशेजारच्या भिंतीवरचा लाइटचा बोर्ड उघडला. चार्जरची लाइन तिथून जाणार होती. त्यानं आत बघितलं, अजून जवळ जाऊन बघितलं आणि शीळ घातली.

"साहेब, हा सेफ्टीचा स्विच कुणी डायरेक्ट केला?"

"मी केला," बाळ म्हणाला. "सारखा पडत होता."

"पडणारच की. कुठंतरी करंट गळत असणार."

"नुसती कटकट. जरा काही झालं की पडला, घरभर अंधार. त्याच्या वायरी काढल्या आणि एकमेकींना जोडून टाकल्या. आता पडत नाही."

"आता कसा पडेल? मुंडकंच उडवलंय तुम्ही त्याचं." ऐकणारी दोन माणसं समोर होती, त्यामुळे वायरमन खुलला. "मला एक सांगा. न्हाणीघरातला नळ मारतो का?"

"चिमटे काढतो," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून आम्ही रबरी चपला घालून आंघोळ करतो."

"सगळे?"

"सगळे. सवय झाली की काही वाटत नाही."

वायरमननं टेस्टर खाली केला आणि पोट धरून हसला. "चपला घालून आंघोळ! आजी, मी पुष्कळ घरं बघितली, पण असं घर नाही बघितलं. नळ मारतो म्हणून सगळं घर चपला घालतं, आणि नळाला कुणी काही विचारत नाही!"

"हसायला काय झालं?"

"नाही, हे बघा." त्यानं डोळे पुसले. "जो पडतो त्याच्यात खोट नसते. तो पडतो म्हणजे घरात कुणीतरी मारतंय. तो बिचारा पडून पडून तेच सांगत असतो. पण लोक काय करतात? पडणाऱ्याला नावं ठेवतात. पडणाऱ्याचाच बंदोबस्त करतात. मारणाऱ्याला कुणी हात लावत नाही. अहो, मारणारा शोधा, पडणारा आपोआप पडायचा थांबतो!"

तो मोठ्यानं बोलत होता. दार उघडं होतं आणि दाराच्या आत, भिंतीला धरून, सून येऊन उभी राहिली होती. तिच्या खालच्या ओठातून रक्त येत होतं. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी स्वतःच्या पायांतल्या रबरी चपलांकडे बघितलं.

"कुणी सांगितलं तुला?" बाळनं विचारलं.

"काय, साहेब?"

"ही बोलली तुझ्याशी? केव्हा बोलली?"

"कोण? मी स्विचचं..."

बाळनं त्याची कॉलर धरली आणि त्याचं तोंड बोर्डाच्या उघड्या झाकणावर आपटलं. वायरमनचा चष्मा दोन तुकडे होऊन खाली पडला. बाळनं पुन्हा आपटलं.

"गिझर!" वायरमन रक्तातून ओरडला. "साहेब, गिझर मारत असेल! गिझर म्हणतोय मी!"

"माझ्या घरात येऊन मला शिकवतो?"

त्यानं त्याला मानेला धरून फाटकापर्यंत फरफटत नेलं, बाहेर ढकललं आणि फाटकाला आतून कडी घालून कुलूप लावलं. वायरमन रस्त्यावर गुडघ्यांवर पडला, उठला, तोंडाला हात लावून हाताकडे बघत राहिला. त्याची पिशवी, ड्रिल, पहार सगळं आत होतं, त्यामुळे तो पळूनही जाईना.

बाळ परत आला तो थेट दाराकडे. सासूबाईंनी तोंड उघडलं, पण या वेळी आवाजावर घालायला पुरेल एवढा मोठा प्रश्न त्यांना सापडला नाही. बाळनं बायकोच्या केसांत मूठ अडकवली आणि तिला ओढत पोर्चमध्ये आणलं. ती ओरडली नाही. तिची टाच उंबऱ्याला अडकली, तशीच तो ओढत राहिला.

"तुझ्या नावावर काय?" त्यानं तिचं कपाळ गाडीच्या बॉनेटवर आपटलं. "बघू कुठं लिहिलंय नाव? दाखव. इथं? इथं?"

बॉनेटवर खळगा पडला. पांढऱ्या रंगावर लाल फराटा उठला आणि ओघळला. सून दोन्ही हातांनी गाडी धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती. तिच्या बोटांना रक्ताच्या नळ्या सांभाळायची सवय होती. ती बोटं आता गुळगुळीत पत्र्यावरून घसरत होती.

"बाळ, सोड तिला," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू आत जा."

"सोड म्हणते ना."

सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं. ते मनगट त्यांनी तेल लावून वाढवलं होतं, ते त्यांच्या दोन्ही हातांत मावलं नाही. बाळनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, ओळख पटवून घेतल्यासारखं, आणि मोकळा हात पाठीमागून फिरवून त्यांच्या तोंडावर मारला.

सासूबाई भिंतीवर आदळल्या आणि बोर्डाच्या खाली बसकण मारल्यासारख्या पडल्या. उजवा हात अंगाखाली सापडला. त्यात काहीतरी वाळक्या काटकीसारखं वाजलं.

समोरच्या कठड्यावरून गॅलरीचा आवाज आला. "अगबाई! काय झालं हो? मावशी?"

बाळनं मान वरही केली नाही. "काही नाही," त्यानं गोड आवाजात सांगितलं. "आई पडली. पाय घसरला तिचा."

सासूबाईंना तोंडात खारट चव लागत होती. एक दात हलत होता. वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. फक्त त्यात त्यांना स्वतःला कधी कुणी बसवलं नव्हतं. गॅलरी कठड्यावरून वाकून बघत होती, तिच्या शेजारी अजून दोन डोकी आली होती. रस्त्यावर वायरमन फाटकाचे गज धरून उभा होता. सगळे उत्तराची वाट बघत होते, आणि उत्तर देणं हे या घरात नेहमी सासूबाईंचं काम होतं.

"पडले नाही," त्या म्हणाल्या.

गॅलरीला ऐकू गेलं नसावं. "काय म्हणता?"

"मी पडले नाही!" सासूबाईंनी छाती भरून श्वास घेतला. जो आवाज इतकी वर्षं झाकायला वापरला होता, तो त्यांनी पुरता सोडला. "मारलं मला. माझ्या मुलानं मारलं. सुनेलाही हाच मारतो. ती कधी पडली नाही. एकदाही पडली नाही. कळलं का सगळ्यांना?"

बाळच्या मुठीतून बायकोचे केस सुटले. त्यानं गॅलरीकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं, आईकडे बघितलं. एवढ्या माणसांना एका वेळी कसं मारायचं ते त्याला कळेना. त्याचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं.

"आई," तो म्हणाला, "तू हे काय केलंस?"

आणि मग त्यानं मातीत रुतलेली पहार उपसली. झटापटीत त्याच्या चपला केव्हाच निघाल्या होत्या. तो ओल्या खड्ड्यात अनवाणी उभा राहिला आणि भिंतीशी ठेवलेल्या साध्या चार्जरच्या खोक्यावर त्यानं पहार घातली. खोकं फुटलं. त्यानं आतल्या डब्यावर घातली. डबा चेपला, झाकण उडालं. तो मोठमोठ्यानं श्वास घेत होता आणि प्रत्येक घावाला एक शिवी देत होता, बायकोला, आईला, वायरमनला, गाडीला. चौथा का पाचवा घाव डब्यावरून सटकला आणि खिडकीतून आलेल्या ड्रिलच्या वायरीवर बसला. टोक वायरीच्या आवरणात घुसलं.

शिवी अर्धी राहिली.

बाळ ताठ झाला. पहार त्याच्या दोन्ही हातांत होती आणि ती सुटत नव्हती. त्याची मान मागे गेली, जबडा आवळला आणि सगळं अंग बारीक, फार वेगानं थरथरू लागलं. त्याच्या घशातून एकसुरी गुरगुर येत होती. जळल्याचा वास आला. आता पडायला स्विचच उरला नव्हता.

"करंटनं धरलंय त्यांना!" फाटकावरून वायरमन किंचाळला. "मेन पाडा! अहो, मेन पाडा कुणीतरी! त्यांना हात लावू नका, मेन पाडा!"

मेन स्विच सासूबाईंच्या डोक्यावर होता. बोर्डाचं झाकण उघडंच होतं, काळी दांडी खालून दिसत होती. उजवा हात मोडला होता, डावा चांगला होता. सासूबाईंनी डावा हात वर केला. बोटं दांडीला टेकली. दांडी गार होती.

त्यांनी मुलाकडे बघितलं. तो त्यांच्याकडेच बघत होता, किंवा त्याचे डोळे तिकडे वळलेले होते. लहानपणी तापात तो असाच थरथरायचा आणि त्या रात्रभर त्याला छातीशी धरून बसायच्या. वायरमन ओरडत होता. गॅलरी ओरडत होती. बोटं दांडीवर होती. सासूबाईंचा हात कधी कुठल्या कामाला कचरला नव्हता, आणि आताही तो कापत नव्हता. नुसता टेकलेला होता.

गाडीजवळून पावलं धावत आली. सून डोळ्यांतलं रक्त मनगटानं पुसत आली. तिनं सासूबाईंच्या पायांवरून उडी मारली, त्यांचा हात बाजूला झटकला आणि दांडी खाली ओढली.

ड्रिलचा बारीक लाल दिवा गेला. बाळ पहारीसकट मातीत कोसळला.

सून त्याच्याजवळ जाऊन बसली. तिनं त्याच्या मानेवर दोन बोटं ठेवली, वाट बघितली, मग त्याचं डोकं मागे झुकवून हनुवटी उचलली. तिच्या कपाळाचं रक्त त्याच्या शर्टावर टपटपत होतं.

"ॲम्ब्युलन्स बोलवा," ती वर बघून गॅलरीला म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा असतो हे गल्लीला पहिल्यांदाच कळलं.

दुपारी सासूबाई हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि गळ्यात अडकवलेला होता. सून शेजारी होती, मध्ये एका माणसाची जागा सोडून. तिच्या कपाळाला टाके घातले होते. मघाशी नर्सनं तिला विचारलं होतं, कसं लागलं, आणि सुनेनं सवयीनं सासूबाईंकडे बघितलं होतं. "नवऱ्यानं आपटलं, लिहा," सासूबाई म्हणाल्या होत्या. "नीट लिहा. आणि पोलिसाला यायचं असेल तर येऊ दे, मी इथंच बसले आहे."

सुनेच्या मोबाइलवर वायरमनचा फोन आला. तोंड सुजल्यामुळे त्याचं अर्धं बोलणं कळत नव्हतं. दवाखान्यात जाऊन आलो, सामान तुमच्याकडेच राहिलंय, केस करणार आहे, आणि भिंतीला भोकं पाडून झाली आहेत तर त्यांचं काय करायचं.

"केस कर," सासूबाई म्हणाल्या. "आणि दुसरा साधा घेऊन ये. साधाच. पण आधी तो बोर्ड नीट कर."

त्यांनी फोन सुनेच्या हातात परत दिला. सुनेच्या दुसऱ्या हातात गाडीची किल्ली होती. ॲम्ब्युलन्समागून ती गाडी चालवत आली होती. बॉनेटला खळगा आणि कपाळाला बांधलेलं फडकं, तरी.

"खाली पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय आहे," ती म्हणाली. "लावून आले."

"कुणाला विचारलंस?"

"कुणालाच नाही."

सासूबाईंनी मान हलवली. जिभेनं हलता दात चाचपला.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी दोघींकडे बघितलं, प्लास्टर बघितलं, टाके बघितले, आणि कुणाशी बोलावं ते न कळून दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघून बोलले. हाताचे तळवे भाजले आहेत, दोन बोटं कदाचित काढावी लागतील, पण हृदय सावरलं आहे. अजून थोडा वेळ करंट राहिला असता तर काही हातात उरलं नसतं.

"मेन कुणी बंद केला?" त्यांनी विचारलं.

"मी," सून म्हणाली.

"तुम्ही वाचवलंत त्यांना."

डॉक्टर गेले. व्हरांड्यात कुणीतरी ढकलखुर्ची नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. सून स्वतःच्या बोटांकडे बघत होती. त्याच बोटांनी तिनं सासूबाईंचा हात दांडीवरून झटकला होता. ती काही विचारेल असं सासूबाईंना वाटलं. विचारलं असतं तर त्यांनी खोटं सांगितलं नसतं.

तिनं विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आठवड्यात घरी सोडतील म्हणे, आई."

सासूबाईंनी समोरच्या बंद दाराकडे बघितलं. त्यांनी डाव्या हातानं प्लास्टर थोडं वर उचललं, मांडीवर नीट ठेवलं आणि मग सुनेकडे पुरतं तोंड वळवलं.

"तू घाई केलीस, सूनबाई."